लवादआप्पा

आप्पा एकदा बसले की उठत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही. सुरतेत नवागामहून कोर्टाकडे येणाऱ्या सिटी बसमध्ये समोर गरोदर बाई दांडा धरून उभी असली तरी आप्पा खिडकीबाहेर साड्यांची दुकानं बघत बसायचे. कुणी टोकलंच तर म्हणायचे, "मागली बस रिकामी यी राह्यनी." पंगतीत पहिल्या ओळीत बसायचे आणि दुसरी पंगत वाढायला घेतली तरी पान सोडायचे नाहीत. एकदा दाढ काढायला गेले. दाढ निघाली, तोंडात कापूस कोंबला गेला, तरी त्या डॉक्टरच्या मागं कलणाऱ्या खुर्चीतून ते हलेनात, कारण वर एसी चालू होता आणि बाहेर मे महिना होता. डॉक्टरनं शेवटी एसी बंद केला तेव्हा कुठे आप्पांना घर आठवलं.

"कब्जा सच्चा, झगडा झूठा," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी कुठल्याशा हिंदी बोलणाऱ्या मुकादमाकडून उचललं होतं आणि आयुष्यभर गीतेच्या श्लोकासारखं वापरलं. ज्याच्या बुडाखाली जागा त्याची जागा. बाकी कागद, कोर्ट, वकील ही सगळी बुडाला वारा घालणारी माणसं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांची वकील मीच होते, तरी हे मत ते माझ्यासमोर बिनदिक्कत मांडत.

आप्पा, म्हणजे दगडू पाटील, आणि माझे वडील पारोळ्याकडच्या एकाच गावचे. दोघंही तरुणपणी सुरतेला आले, पांडेसऱ्यात लूमवर लागले. वडील शेवटपर्यंत लूमवर राहिले आणि कानानं बहिरे होऊन घरी बसले. आप्पांना मात्र लवकरच उमगलं की लूम चालवण्यापेक्षा लूमच्या दाराशी बसण्यात जास्त बरकत आहे. आधी मिलच्या गेटाशी चहाची टपरी टाकून बसले, मग टपरीमागची शेड धरून बसले, आणि मग आमच्या वस्तीच्या कडेला एका सरकारी मंडळाची मोकळी जागा होती, तिच्यावर बसले. तिथं मंडळानं अर्धवट बांधून सोडलेला एक समाजमंदिरासारखा हॉल होता. तो सांभाळायला, लोकांना माफक भाड्यात द्यायला, म्हणून आप्पांनी मुदतीच्या करारानं घेतला. पुढं पत्र्याची शेड घातली, पंखे लावले, बोअर मारली, आणि तो "आप्पांचा हॉल" झाला. डिंडोलीपासून बमरोलीपर्यंतच्या खानदेशी घरांतली निम्मी लग्नं तिथं लागली. माफक भाडं हा शब्द करारातच राहिला.

त्या हॉलचे नियम आप्पांनी स्वतः रंगवून भिंतीवर लावले होते. अक्षता जपून टाकाव्यात. हळद भिंतीला लावू नये. नवरदेवानं घोड्यासकट आत येऊ नये. मेन स्विचच्या खाली त्यांची खुर्ची असायची, आणि ठरलेली वेळ संपली की ते हात वर करून खटका ओढत. माझ्या लग्नात वऱ्हाडाला उशीर झाला होता. शेवटच्या मंगलाष्टकाला आप्पांचा हात वर गेला, आणि भटजींचं "सावधान" काळोखात झालं. माझ्या नवऱ्याची माळ माझ्या मावशीच्या गळ्यात पडता पडता राहिली. वडील रागानं धावून गेले, तर आप्पा म्हणाले, "करारात लिहेल शे. तक्रार असेल तर लवाद नेम."

हा लवाद म्हणजे आप्पांचा दुसरा श्लोक. मंडळाशी झालेल्या करारात शेवटी एक कलम होतं, की दोघांत वाद झाला तर तो कोर्टात न नेता तिसऱ्या माणसापुढे, म्हणजे लवादापुढे न्यावा. करार गुजरातीत होता, आप्पांना तेवढं एकच कलम कुणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि तेही त्यांना उलटं कळलं होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे लवाद म्हणजे असं काहीतरी, जे कधीच होत नाही आणि ते होईपर्यंत तुम्हाला कुणी उठवू शकत नाही. केटररनं ताटं कमी आणली, लवाद. नवरीच्या मामाचा बूट हरवला, लवाद. दोन भाऊ हॉलच्या दारात एकमेकांची कॉलर धरून उभे होते, तर आप्पा खुर्चीतूनच ओरडले, "मारामारी बाहेर, लवाद आत." लोकांनी त्यांचं नाव लवादआप्पा पाडलं. त्यात टिंगल आहे हे त्यांना कळलं नाही असं नव्हे, पण पदवी म्हणून ती त्यांना आवडली.

कराराची मुदत संपली तेव्हा ते अर्थातच उठले नाहीत. मंडळानं पत्रं पाठवली, ती त्यांनी पुडीला वापरली. आमच्या वस्तीला तेव्हा नळ होते, नळाला पाणी नव्हतं. उंचावर टाकी बांधल्याशिवाय पाणी चढणार नाही असं ठरलं, आणि टाकीसाठी वस्तीत मोकळी म्हणावी अशी एकच जागा होती, आप्पांच्या बुडाखालची. मंडळानं मग सरकारी जागेवरच्या विनापरवाना लोकांना हटवण्याचा जो कायदा आहे त्याखाली नोटीस काढली. ही नोटीस मात्र आप्पांनी पुडीला वापरली नाही. ती घेऊन ते माझ्या ऑफिसात आले आणि बसले.

मी नाही म्हटलं. माझी आई टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहते आणि मी त्या टाकीच्या आड येणाऱ्याची वकिली करू, हे मला पटत नव्हतं. आप्पा बसून राहिले. दुसरे अशील आले, गेले. मी जेवायला घरी जाऊन आले, आप्पा तिथंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी माझ्या टायपिस्टनं त्यांना चहा विचारला, आणि मला कळून चुकलं की आता माझ्या ऑफिसवर त्यांचा कब्जा बसतोय. मी वकीलपत्रावर सही केली.

आईला कळलं तेव्हा ती अंगणात रिकामा हंडा घासत होती. "त्या थेरडानं वकीलपत्र लिधं तू? तुले लाज नही वाटस का?"

"आई, वकील सगळ्यांनाच लागतो."

"पानी बी सगळासले लागस," ती म्हणाली, आणि तो हंडा पुन्हा पहिल्यापासून घासायला लागली.

कायदा आप्पांना वाटत होता तितका बावळट नव्हता, पण अगदीच शहाणाही नव्हता. करारात लवादाचं कलम असेल, तर लवाद नेमला जाईपर्यंत जागा आहे तशी राहू द्या, असा तात्पुरता हुकूम कोर्टाकडे मागता येतो. मी तसा अर्ज केला. शेड आप्पांची, पंखे त्यांचे, बोअर त्यांची. त्यांचा हिशोब व्हायचा आहे, तोवर बुलडोझर लावू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. न्यायाधीशसाहेबांनी मंडळाला नोटीस काढली आणि पुढच्या तारखेपर्यंत जागा जैसे थे ठेवा म्हणाले. पुढच्या तारखेपर्यंत, हे दोन शब्द मी आप्पांना तीनदा समजावले.

संध्याकाळी हॉलवर रोषणाई झाली. आप्पांनी पेढे वाटले. ज्या माणसानं लग्नात जास्तीचा पापड मागणाऱ्याला बाहेर काढलं होतं, त्यानं पेढे वाटले यावरून आनंदाची कल्पना यावी. दुसऱ्या दिवशी हॉलच्या दर्शनी भागी बोर्ड लागला, "या जागेस कोर्टाचा कायमचा स्टे आहे." मी म्हटलं, आप्पा, कायमचा नाही, तात्पुरता. ते म्हणाले, "माय, रंगवणाऱ्याला तात्पुरता लिहिता येत नाही. जोडाक्षर फार." आणि वर पुढच्या हंगामातली लग्नंही घेऊन टाकली. मुलीकडचे बिचारे बोर्ड वाचून निर्धास्त झाले.

पुढच्या तारखेला मंडळाचा वकील उभा राहिला. साहेबांनी सगळं ऐकलं आणि मला सौम्यपणे विचारलं, "बेन, शेडचा आणि पंख्यांचा हिशोब लवाद करील, कबूल. पण सरकारी जागेवर मुदत संपल्यावर बसायचं की उठायचं, हे ठरवायचं काम कायद्यानं एका अधिकाऱ्याला दिलंय. लवाद ते ठरवू शकतो का?"

"नाही, साहेब."

"मग जे लवादाला करता येत नाही, ते लवादाच्या नावानं मी तात्पुरतं कसं करू? उद्या प्रत्येक जण सरकारी जागेवर बसेल आणि करारातलं कलम दाखवेल."

जैसे थे उठला. आप्पा मागच्या बाकावर होते. कोर्ट उठलं, साहेब आत गेले, पुढच्या खटल्याची माणसंही पांगली, आप्पा बाकावर. मी जवळ गेले तर म्हणाले, "साहेब गुजराती शे, म्हनीसन असं करं त्यानी." मी सांगितलं की मंडळही गुजराती आहे, टाकी गुजराती आहे आणि तुमचा बोर्ड ज्यानं रंगवला तो पेंटरसुद्धा गुजराती आहे. त्यावर ते, "पेंटर भला माणूस शे," म्हणाले. हरलेल्या माणसानं थोडं तरी खजील व्हावं अशी माझी अपेक्षा असते. आप्पांच्या बाबतीत ती मी त्या दिवशी सोडून दिली.

मग त्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी. आता हा कायदा असा, की जागा मंडळाची आणि ऐकणारा अधिकारीही मंडळाचाच पगार खाणारा. तरुण होता, नवीनच आला होता, टेबलावर पेन नीट लावून ठेवायचा. आप्पांनी खुर्ची ओढली, बसले, आणि त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "घर तुमचं, भाडेकरू मी, न्यायाधीश तुम्ही. मी फक्त ताट घेऊन आलो आहे असं समजा. जेवढं वाढाल तेवढं खाईन." तो पोरगा लाल झाला. मी कित्येक वर्षं त्या कायद्याविरुद्ध जे जड जड इंग्रजीत लिहीत आले, ते आप्पांनी ताटात वाढून ठेवलं. पण लगेच त्यांनी पुढं, "आणि तुमच्या लग्नाला हॉल अर्ध्या भाड्यात देईन," असं जोडलं आणि सगळं मातीत घालवलं. त्यांच्या प्रत्येक चांगल्या बोलण्याला असं शेपूट असायचं.

हुकूम विरुद्ध गेला. आम्ही जिल्हा न्यायाधीशांकडे अपील केलं. त्या तारखांना मी आणि आप्पा रिक्षातून एकत्र जायचो. एकदा ट्रॅफिकमध्ये अडकलो असता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. सुरतेला आले तेव्हा मेसच्या खोलीत खाट पाळीची होती. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच ऊबेत आडवा व्हायचा. झोप लागते न लागते तोच दुसरा खांदा हलवायचा, उठ रे, माझी वेळ झाली. "बारा महिने मला कुणीतरी उठवत होतं, माय. तवाच ठरवलं." मला गलबलून आलं. मी ते वडिलांना लिहून दाखवलं. वडील हसले आणि मोठ्यांदा, बहिऱ्या माणसासारखे, म्हणाले, "उठवणारा मी होतो. आणि हा कधी उठला? मी वर्षभर जमिनीवर झोपलो!"

कुणाचं खरं मानायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. वडिलांना मी खोटं बोलताना पाहिलेलं नाही, आणि त्या रिक्षात आप्पांचा आवाज खोटा नव्हता.

अपीलही फेटाळलं जाणार अशी चिन्हं दिसू लागली तेव्हा समाजाचे एक अध्यक्ष हॉलवर आले. पांढरे कपडे, दोन फोन, मागे चार माणसं. ज्यांना वस्तीत पाणी नाही हे निवडणुकीखेरीज आठवत नाही, अशांपैकी. मी तिथंच होते. अध्यक्ष आप्पांच्या कानाशी लागले, पण त्यांना हळू बोलायची सवय नसल्यानं मला सगळं ऐकू आलं. म्हणत होते, कशाला घाबरता, स्टेजच्या जागी एक मूर्ती बसवून टाकू. पूजा, आरती, दोन दिवस भजन. मग बघू कोण हात लावतो. समाज तुमच्या पाठीशी आहे.

ही युक्ती चालते. चाललेली मी पाहिलेली आहे. टाकी पुढची दहा वर्षं झाली नसती, वस्तीत डोकी फुटली असती, आणि आप्पा निवांत बसले असते. आप्पांना दुसरं काय हवं होतं?

आप्पा बराच वेळ अध्यक्षांच्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "देवले भाडोत्री ठेवू का मी?"

"भाडोत्री कसले आप्पा, श्रद्धेचा प्रश्न..."

"उद्या तो देव माले इचारी, दगडू, तुन्ही केस सरनी, आते मी कोठे जाऊ? काय सांगू त्याले? लवाद नेम म्हनू?" त्यांनी बोटानं दार दाखवलं. "बूट काढले नाहीत तुम्ही आत येताना, आणि देव बसवायला निघालात. जा."

अध्यक्ष गेले. मी आप्पांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला. तेवढ्यात ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "आणि माय, एकदा देव बसला की तो काही उठत नाही. मग हॉल त्याचा. मी कुठे?" माझा नमस्कार राहून गेला.

अपील फेटाळलं गेलं. ठरलेली लग्नं पार पडेपर्यंत मुदत द्या, नंतर जागा आपणहून रिकामी करू, अशी लेखी हमी मी आप्पांच्या सहीनं दिली, आणि साहेबांनी ती मान्य केली. आप्पांची हमी म्हणजे पाण्यावरची रेघ, असं मंडळाचा वकील मला जिन्यात म्हणाला. मलाही तेच वाटत होतं.

शेवटचं लग्न आमच्याच गल्लीतल्या मुलीचं होतं. साडीला लेस लावून लावून तिच्या आईनं ते लग्न उभं केलं होतं. वऱ्हाड नंदुरबारकडून निघालं आणि वाटेत गाडी बंद पडल्यानं फार उशिरा पोचलं. वेळ संपली. सगळ्यांच्या माना मेन स्विचकडे वळल्या. आप्पांनी डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं. इतकं वाईट सोंग मी नाटकातही पाहिलेलं नाही. घोरण्याचा आवाज मंगलाष्टकांच्या वर जात होता. सगळे विधी उजेडात झाले. पाठवणी झाल्यावर आप्पा जागे झाले, आणि वधूपित्याला म्हणाले, "मी झोपलो म्हणून वाचलास."

रिकामी करायच्या दिवशी निम्मी वस्ती बघायला जमली. पोलिसांची गाडी आली होती, बुलडोझर होता, टेबलावर पेन नीट लावणारा तो अधिकारी होता. बायका हंडे घेऊनच आल्या होत्या, जणू टाकी त्याच दुपारी उभी राहणार होती. आईही होती. तमाशा होणार, म्हातारा लोळण घेणार, अशी सगळ्यांची खात्री. आप्पांनी त्याआधीच आठवडाभर माणसं लावून हॉल सोलून काढला होता. पंखे, ट्यूबा, बटणं, पत्रे, खिळेसुद्धा. भिंतीवरचे नियम तेवढे राहिले. अधिकाऱ्यानं कागद पुढं केला. आप्पांनी सही केली, चावी दिली, आणि चालायला लागले. लोक अक्षरशः हिरमुसले.

बोअरची मोटार मात्र त्यांनी नेली नव्हती. त्या बोअरवर त्यांनी इतकी वर्षं कुलूप ठेवलं होतं. उन्हाळ्यात मुलं घसा सुकून दाराशी उभी राहिली तरी ते उघडलं नव्हतं, आणि आईचा त्यांच्यावरचा सगळा राग त्या कुलपापाशीच सुरू होत होता. आता कुलूप नव्हतं, आणि मोटारीला जोडलेला काळा पाइप भिंतीतून बाहेर, गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलेला होता. मी धावत त्यांना गाठलं. "आप्पा, मोटार?"

"राहू दे. टाकी बांधायले वरीस लागी."

दोन पावलं पुढं जाऊन ते वळले.

"तिची किंमत लवादात लाव," ते म्हणाले. "वापरासकट."

आईनं त्या पाइपाखाली पहिला हंडा भरला. भरता भरता तिनं आप्पांना ज्या शिव्या दिल्या त्या अहिराणीतच शोभतात. हंडा मात्र काठोकाठ भरला.

लवाद खरंच झाला. जे भांडण लवादाचं होतं ते, शेडच्या खर्चाचं, बोअरचं, मोटारीचं, आम्ही लवादापुढे नेलं. हायकोर्टातून एक निवृत्त न्यायाधीश नेमले गेले. रिंगरोडवरच्या एका हॉटेलात एसी खोलीत बैठका व्हायच्या. आप्पांच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. गुबगुबीत खुर्ची, बिस्किटं, आणि समोर एक माणूस, ज्याचं कामच आप्पांचं म्हणणं ऐकणं हे होतं. शेड कशी घातली हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की लवादसाहेबांनी मला हळूच विचारलं, हा ताजमहाल पाडायला नको होता का? मी म्हटलं, साहेब, पत्र्याची होती. निवाडा थोडा आमच्या बाजूनं लागला. मोटारीचे मिळाले, वापराचे नाही.

तोवर टाकी उभी राहिली होती. निवाड्याचे पेढे घेऊन आप्पा पहिल्यांदाच आमच्या घरी आले. आईनं दार उघडलं, पेढ्यांकडे पाहिलं, आत गेली आणि नळाचं पाणी भरून ग्लास आणून त्यांच्यासमोर जरा आदळूनच ठेवला. आप्पांनी घोट घेतला, तोंडात घोळवला. "औषधाचा वास येस," म्हणाले. "बोअरचं गोड होतं."

"आम्हाला कव्हय पाजं तू?" आई कडाडली.

आप्पांनी ग्लास संपवला. आईनं न विचारताच दुसरा आणून ठेवला, तोही संपवला. मग जेवायची वेळ झाली तरी हलले नाहीत म्हणून आईनं त्यांना वाढलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा. वडील समोर बसले होते. दोघे म्हातारे एकमेकांशी बोलत नव्हते, एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला ऐकवायचं नव्हतं. जाताना आप्पांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ ठेवला.

मंडळानं निवाड्याविरुद्ध कोर्टात अर्ज केला, तसा ते करतातच. तारखा पडत गेल्या. आप्पा चलथाणकडे मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. तिथून फोन करून ते मला दर तारखेचं विचारत, आणि दर वेळी, "घाई नको करू, माय," असं सांगत. एका सकाळी मुलाचा फोन आला. चहा पिऊन झाल्यावर पलंगावर टेकले ते टेकलेच. आई ही बातमी ऐकून भाकरी थापायची थांबली, तव्यावरची करपू दिली, आणि म्हणाली, "नकटा मेला." ती जेवली नाही. वडिलांना मी लिहून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्यानंतरची तारीख होती. काम एवढंच, की अशील वारले हे कोर्टाला कळवायचं, मृत्यूचा दाखला द्यायचा, मुलाचं नाव लावून घ्यायचं. दाखला मी सकाळीच आत दिला होता. मुलगा शेजारी बसला होता. आमचा नंबर आला आणि शिपायानं दारात जाऊन नेहमीसारखा पुकारा केला, "दगडूभाई उखाभाई पाटील! हाजर छे?"

लॉबीत गर्दी होती. कुणी मान वळवली नाही. शिपायानं पुन्हा हाक मारली, आणि मग तिसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात. मला एकच शब्द बोलायचा होता. मयत. तो मी घोकून आले होते.

"बेन?" साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. "हाजर, साहेब," म्हणाले.

मुलानं माझ्याकडे चमकून पाहिलं. साहेबांनी समोरचा दाखला उचलला, वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढची तारीख दिली.